काडी धरतो कोण?

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी पाहिली, की एक गोष्ट लक्षात येते. कापणारा एका हाताच्या मुठीत धान धरतो, दुसऱ्या हाताने विळा ओढतो. मूठ सोडून विळा हळू फिरवला, तर काडी नुसती वाकते.

धुऱ्यावरचे गवत कापणाऱ्या इंजिनाच्या यंत्राला मूठ नसते. मग काडी धरतो कोण? तिचे स्वतःचे जडत्व! पाते इतक्या वेगाने येते, की काडीला वाकून बाजूला व्हायला सवडच मिळत नाही.

हिशेब करू या. पात्याचा व्यास 25 सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला 100. एका फेऱ्यात पात्याचे टोक सुमारे 78 सेंटिमीटर जाते. म्हणून त्याचा वेग सेकंदाला सुमारे 78 मीटर. इंजिन मंदावले, की गवत कापले न जाता फाटते आणि पात्याला गुंडाळते.

मग वेग वाढवतच न्यावा का? नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेगाने उडालेल्या खड्यात चौपट ऊर्जा असते. तो डोळा फोडू शकतो. दाट गवतात इंजिन दमू लागले, तर ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वेग न वाढवता आपणच सावकाश पुढे सरकावे, पट्टा अरुंद घ्यावा आणि पात्याला धार लावावी.

वर्गात यंत्र नको. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणे ठेवा. पुठ्ठा हळू ओढला तर नाणे सोबत येते. टिचकी मारली तर पेल्यात पडते. नाण्याच्या जागी काडी कल्पून पहा.