पायथनमधील थ्रेड वर्ग आणि त्याची पूर्वतयारी

एकाच प्रोग्राममध्ये परस्परांना न अडवता चालणाऱ्या कामाच्या प्रवाहांना थ्रेड म्हणतात, आणि संगणकाला बाहेरच्या यंत्रासाठी ताटकळावे लागते तेथे त्यांची गरज सर्वाधिक भासते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी किंवा पांढरकवड्याच्या बाजारात ऐन हंगामात कापसाच्या गाड्या मोजणाऱ्या वजनकाट्याला संगणक जोडला आहे असे मानले, तर गाडी स्थिरावून वजनाचा आकडा येईपर्यंत प्रोग्राम एकाच ओळीवर थबकेल आणि आर्द्रतेची नोंद व पावतीची छपाई, दोन्ही कामे खोळंबतील. आधारभूत किमतीच्या खरेदीत १२ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेचा कापूस घेतला जात नसल्याने ती नोंद मागे ठेवणेही परवडत नाही. म्हणून काट्याचे वाचन वेगळ्या थ्रेडकडे सोपवले जाते. पायथनच्या नेहमीच्या बांधणीत एका वेळी एकच थ्रेड पायथनच्या सूचना चालवू शकतो हे खरे. परंतु आकड्याची वाट पाहणारा थ्रेड आपला ताबा सोडून देतो, त्यामुळे अशा कामात हे बंधन आड येत नाही.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेतील थ्रेडिंग विभाग जावाच्या नमुन्यावर बेतलेला आहे. मात्र एक सोय त्यात उतरली नाही. एखाद्या वर्गाचे गुण घेऊन रचलेल्या नव्या वर्गाला उपवर्ग आणि मूळ वर्गाला जनकवर्ग म्हणतात, तर ऑब्जेक्ट तयार होताना त्याची प्राथमिक मांडणी करणारी पद्धत म्हणजे आरंभक. जावामध्ये उपवर्गाच्या आरंभकात उल्लेख नसला तरी जनकाचा आरंभक आपोआप चालतो. पायथनमध्ये उपवर्गाने स्वतःचा 'इनिट', म्हणजे आरंभक, लिहिला की जनकाचा 'इनिट' झाकला जातो, आणि 'सुपर'च्या साहाय्याने तो स्पष्टपणे बोलवावा लागतो.

काट्याचा थ्रेड 'थ्रेड' वर्गाचा उपवर्ग म्हणून लिहिला आणि जनकाचा आरंभक बोलावला नाही, तर नेमके काय राहून जाते? थ्रेडचे नाव, तो डीमन आहे की नाही (म्हणजे मुख्य काम संपल्यावर प्रोग्रामने त्याच्यासाठी थांबायचे की नाही), तो सुरू झाल्याची वर्दी देणारी खूण, आणि आरंभ पूर्ण झाल्याची नोंद, हे सारे जनकाच्या आरंभकात ठरते. ही शेवटची नोंद नसेल तर 'स्टार्ट' पद्धत रनटाइम एरर देऊन थांबते. ऑब्जेक्ट घडवताना मात्र बहुधा काहीच तक्रार होत नाही. चूक एका फाइलमध्ये आणि तिचा स्फोट दुसऱ्या फाइलमध्ये, अशी स्थिती येते, आणि शोध घेण्यासाठी तो ऑब्जेक्ट छापून पाहावा तर छपाईसुद्धा त्याच कारणाने फसते.

क्रमही महत्त्वाचा आहे. काट्याचा पोर्ट क्रमांक जनकाच्या आरंभकाआधी साठवला तर बिघडत नाही, पण 'नेम' किंवा 'डीमन' यांना आधीच किंमत दिली की प्रोग्राम तेथेच अडतो. म्हणून 'सुपर'ची ओळ सर्वप्रथम लिहिण्याचा प्रघात योग्य ठरतो. या ओळीत नाव न देता पोर्ट क्रमांक पुढे धाडला तर तो पहिल्या, 'ग्रुप' या जागेत जाऊन पडतो, जी भविष्यातील एका वर्गासाठी राखून ठेवलेली असून तूर्त रिकामीच असली पाहिजे अशी अट आहे. हे 'तूर्त' काही दशके टिकले आहे.

याहून फसवा प्रकार नामसाधर्म्याचा. थ्रेड थांबवण्याच्या खुणेला '_स्टॉप' असे नाव देण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी पायथन ३च्या ३.१२ पर्यंतच्या आवृत्त्यांत त्याच नावाची अंतर्गत पद्धत जनकवर्गात होती; ती झाकली गेल्याने आरंभक रीतसर बोलावूनही 'जॉइन', म्हणजे थ्रेड संपेपर्यंत थांबण्याची पद्धत, कोलमडत असे. अधिकृत दस्तऐवज उपवर्गाने केवळ 'इनिट' आणि थ्रेडचे प्रत्यक्ष काम करणारी 'रन' या दोनच पद्धती बदलाव्यात असे सांगतात, ते याच जातीच्या गुंत्यांमुळे पटते.

मुळात बहुतेक ठिकाणी उपवर्गाची गरजच नसते. एखादे फंक्शन वेगळे चालवायचे असेल तर ते 'टार्गेट' म्हणून थ्रेडला दिले की पुरते, आणि पुष्कळ छोटी कामे असतील तर २०११ मधील ३.२ आवृत्तीपासून उपलब्ध असलेला थ्रेडपूल अधिक सोयीचा पडतो. पोर्ट, शेवटचे वजन आणि थांबण्याची खूण असा स्वतःचा संसार सांभाळणाऱ्या काट्याच्या थ्रेडला मात्र उपवर्ग शोभतो.