'वय झालंय, चालायचंच' म्हणण्याआधी हे बघा. ज्येष्ठांचे आजार वेगळ्या रूपात येतात

मसाट (सिल्वासा), प्रतिनिधी : मसाटच्या औद्योगिक वसाहतीत काम पाळ्यांवर चालतं. मुलगा-सून दोघं कंपनीत आणि घरी आजी-आजोबा, अशी इथं बरीच घरं आहेत. म्हाताऱ्या माणसानं काही दुखतंय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वय झालंय, चालायचंच." इथंच उशीर होतो.

वयाचे बदल सावकाश येतात. गुडघे, नजर, कान वर्षानुवर्षं उतरत जातात. पण काल बरा असलेला माणूस आज एकदम बदलला, तर ते वय नव्हे. आजार समजून चालावं.

उतारवयात शरीराचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही.

हृदयविकाराचा झटका : छातीत न दुखताही दम लागतो, घाम सुटतो, मळमळतं. मधुमेह असेल तर असं जास्त घडतं.

न्यूमोनिया : ताप चढेलच असं नाही. जेवण सुटतं, श्वास जलद होतो, सुस्ती येते.

अचानक असंबद्ध बोलणं : लगेच 'वेड लागलं' म्हणू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवीन औषध हेही कारण असतं.

साखर उतरणं : मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण राहिलं, तर घाम, थरथर, गोंधळ होतो. माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी द्या.

पडणं : रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बाहेरून जखम नसली तरी दवाखाना गाठा. आत रक्तस्राव होऊ शकतो.

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे मुलाची पाळी सुटायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा.

सिल्वासात श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. 'कालपर्यंत कसे होते आणि आज काय बदललं' हे डॉक्टरांना आधी सांगा.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड आधारवर निघतं. योजना दाखल झालेल्या रुग्णांसाठी आहे, नुसत्या तपासणीसाठी नाही. मूळ गाव महाराष्ट्रात आणि मुक्काम इथं असला, तरी योजनेतल्या रुग्णालयात कार्ड चालतं. कार्ड आजच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. हा नंबर घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.