गावची मुलगी, गावची नर्स

उपकेंद्रात सिस्टर टिकत का नाहीत, हा प्रश्न वाचकांच्या पत्रांतून मला वारंवार विचारला जातो. पगार, क्वार्टर, बदली ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. थायलंडने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला, म्हणून आज थोडे तिकडे जाऊ.

बँकॉकला लागून उत्तरेस, चाओ फ्राया नदीच्या काठी नोंथबुरी हे शहर आहे. एकेकाळी ड्युरियनच्या बागांसाठी नावाजलेले हे गाव आता राजधानीचे उपनगर झाले आहे. थायलंडचे आरोग्य मंत्रालय येथेच असून त्याच मंत्रालयाची, आरोग्य कर्मचारी घडविणारी एक मोठी संस्था येथून चालते. तिचे नाव प्रबोरोमराजचनक. नाव वाचताना जीभ अडखळते खरी. पण 'बोरोम' म्हणजे परम आणि 'चनक' म्हणजे जनक, हे कळले की नाव आपलेच वाटू लागते. राजाचे परमपूज्य वडील, असा त्याचा अर्थ.

हे वडील म्हणजे राजपुत्र महिडोल (1892–1929). आधी नौदलाचे शिक्षण घेतलेला हा राजपुत्र बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाची दैना पाहून वैद्यकाकडे वळला आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून 1928 साली डॉक्टर झाला. बँकॉकमध्ये राजघराण्याच्या रीतिरिवाजांमुळे त्याला रुग्णांना हात लावणे कठीण झाले, तेव्हा तो दूर उत्तरेत चिआंग माई येथील मिशन रुग्णालयात काम करू लागला. काही आठवड्यांतच परतला आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारला. त्याची पत्नी सामान्य घरातली, सिरिराजमध्ये शिकलेली परिचारिका. पुढे त्यांचे दोन्ही मुलगे राजे झाले. संस्थेची बहुतेक नर्सिंग कॉलेजे या मातेच्या नावाने ओळखली जातात : बोरोमराजचोननी, म्हणजे परमराजजननी. परिचारिकेचे नाव इतक्या मानाने पाट्यांवर लागलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

देशभर पसरलेली सुमारे चाळीस कॉलेजे या संस्थेच्या छत्राखाली आहेत. त्यांत बहुसंख्य नर्सिंगची, काही सार्वजनिक आरोग्याची. प्राचिनबुरीला पारंपरिक थाई वैद्यकाचेही एक आहे. पूर्वी येथील पदव्या इतर विद्यापीठांच्या नावाने मिळत. 2019 च्या कायद्याने संस्था स्वतःच पदवी देऊ लागली.

पण खरी मेख कॉलेजांच्या संख्येत नाही, ती विद्यार्थी कोठून घ्यायचे यात आहे. त्यांच्या धोरणाची तीन सूत्रे आहेत : ग्रामीण भागातून निवड, जवळच्या कॉलेजात शिक्षण आणि आपल्याच भागात नेमणूक. जिल्ह्यातली मुलगी शेजारच्या कॉलेजात चार वर्षांची पदवी घेते, प्रत्यक्ष काम त्याच भागातील रुग्णालयांत शिकते आणि तेथेच रुजू होते. आई-वडील जवळ, बोली ओळखीची, रुग्ण नात्यागोत्यातले. अशी मुलगी बदलीचा अर्ज घेऊन मंत्रालयात कशाला जाईल? सक्तीचा उपाय त्यांनीही केला. नव्या डॉक्टरांना तीन वर्षे सरकारी सेवा करावी लागते. पण माझ्या मते सक्तीने माणूस येतो आणि मुदत संपली की निघून जातो; मूळ गावचा माणूस टिकण्याची शक्यता अधिक.

याचा उपयोग 2002 मध्ये दिसला. त्या वर्षी थायलंडने सर्व नागरिकांना उपचारांचे संरक्षण दिले आणि सुरुवातीला एका भेटीस फक्त 30 बाट घेतले. गर्दी लोटली. पण तालुक्याच्या रुग्णालयांत आणि खालच्या आरोग्य केंद्रांत माणसे आधीपासून तयार होती. ती नसती, तर योजना कागदावरच राहिली असती. शिवाय मदतीला दहा लाखांच्या आसपास ग्राम आरोग्य स्वयंसेवक आहेत. आपल्याकडे आशा 2005 नंतर आल्या. तिकडे हे काम 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले होते.

सगळेच आलबेल आहे असे मात्र समजू नये. कायम सरकारी पदे अपुरी असल्याने अनेक तरुण परिचारिकांना वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करावे लागले. त्यांतल्या काही खासगी रुग्णालयांकडे वळल्या, कारण परदेशी रुग्णांवर चालणाऱ्या बँकॉकच्या रुग्णालयांत पगार जास्त. गावची मुलगी निवडून, शिकवून तयार केली, तरी तिला पक्की नोकरी द्यावी लागतेच. कंत्राटी परिचारिकांच्या मागण्या आपल्याही जिल्ह्यात ऐकू येतात.