थॅलेसेमिया कशामुळे होतो, कशामुळे नाही

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. भारतात बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचे वाहक सरासरी 3 ते 4 टक्के आहेत. सिंधी समाजात हे प्रमाण बरेच जास्त आहे. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तरी आजाराची कारणे नीट माहीत हवीत.

गैरसमज : वालधुनी नदीच्या दूषित पाण्याने किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या धुराने हा आजार जडतो.
वस्तुस्थिती : प्रदूषणाचे दुष्परिणाम खरे, पण ते वेगळे. थॅलेसेमिया जन्मजात असतो. हिमोग्लोबिनमधले बीटा ग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातला हा दोष आईवडिलांकडून येतो. तो संसर्गाने पसरत नाही.

गैरसमज : हा फक्त सिंध्यांचा आजार.
वस्तुस्थिती : लोहाणा, पंजाबी, गुजराती, बंगाली, कोळी, सारस्वत अशा अनेक समाजांत वाहक आढळतात. वाहकांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशांत हा दोष टिकून राहिला. जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांमुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली.

गैरसमज : आम्ही दोघे ठणठणीत, मग मूल आजारी कसे निघेल?
वस्तुस्थिती : वाहकाला, म्हणजे थॅलेसेमिया मायनर असलेल्याला, बहुधा काहीच त्रास नसतो. मायनरचा पुढे मेजर, म्हणजे गंभीर आजार, होत नाही. मात्र दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची सुटली, असा हिशेब नसतो. एक जोडीदार थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असेल, तरीही बाळाला धोका असतो.

गैरसमज : रक्त कमी आहे ना, लोहाच्या गोळ्या घ्या.
वस्तुस्थिती : मायनरमध्येही तांबड्या पेशी लहान दिसतात, म्हणून लोहाची कमतरता असल्याचा समज होतो. शरीरातले लोह तपासल्याशिवाय गोळ्या घेऊ नयेत. मेजर मुलांना दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एका पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नसल्याने हृदयात आणि यकृतात साठते. म्हणून ते काढणारी औषधे नियमित घ्यावी लागतात.

वाहक ओळखायला हिमोग्लोबिन ए-2 मोजणारी रक्ततपासणी लागते. नेहमीच्या हिमोग्लोबिन तपासणीत तो कळत नाही. ए-2 तपासणी लग्नाआधी करावी. राहून गेली असेल, तर दिवस गेल्याचे कळताच पत्नीची आणि गरज पडल्यास पतीचीही करावी. दोघेही वाहक निघाले तर 10 ते 12 आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. वाहक असण्यात दोष कुणाचाच नाही, लपवण्यासारखेही काही नाही. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी मुलाने आणि मुलीने ही तपासणी करून घ्यावी.