वर्गातील शेअर बाजार : खेळ आणि शिस्त

बाजारभावातील चढउतार वऱ्हाडाला नवे नाहीत. कापूस आज विकावा की काही दिवस थांबावे, हा विचार अमरावती-अकोल्याच्या शेतकरी कुटुंबांत दर हंगामात होतो. हीच सवय शेअर बाजार समजून घेण्यास उपयोगी पडते. विद्यार्थ्यांना काल्पनिक एक लाख रुपये देऊन कंपन्यांचे शेअर, म्हणजेच भाग, निवडावयास लावणे हा त्यासाठी सोपा शालेय उपक्रम होय. मात्र निवडीची कसोटी चुकली, तर अर्थशिक्षणाऐवजी सट्ट्याचेच शिक्षण मिळण्याचा धोका आहे.

भाग म्हणजे मालकी

गावच्या सेवा सहकारी संस्थेचा भाग अनेक घरांना परिचित असतो. तेथे सभासदाजवळ भाग कितीही असोत, मत एकच. कंपनीत मताचा अधिकार सामान्यतः भागांच्या प्रमाणात मिळतो. १९७६ साली स्थापन झालेले व अकोला येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजेच ‘महाबीज’, ही एक कंपनीच आहे. तिच्या भागधारकांत राज्य शासन, राष्ट्रीय बीज निगम व कृषि विद्यापीठे यांच्याबरोबर बीजोत्पादक शेतकरीही आहेत. तिच्या भागांची शेअर बाजारात उलाढाल होत नाही. तथापि भाग घेणे म्हणजे उद्योगाच्या मालकीत सहभागी होणे, हे या उदाहरणाने मुलांच्या सहज ध्यानी येते.

१८६५ चा धडा

उद्योगाकडे न पाहता केवळ भावाकडे पाहिल्यास काय होते, हे इतिहासाने दाखविले आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने भारतीय कापसाचे, व त्यात वऱ्हाडच्या कापसाचे, भाव अतोनात वाढले. मुंबईत पैशाचा पूर आला आणि धड काम सुरू न झालेल्या कंपन्यांचे भागही चढ्या दराने विकले गेले. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले व १८६५ मध्ये अनेक पेढ्यांचे दिवाळे निघाले.

निवडीच्या कसोट्या

विद्यार्थ्यांनी प्रथम ओळखीचे उद्योग घ्यावेत. सूत, खते, पंप, ट्रॅक्टर, बँका ही क्षेत्रे वऱ्हाडातील मुलांच्या पाहण्यातील आहेत. परंतु वस्तू चांगली असणे व कंपनीचा कारभार चांगला असणे, या दोन वेगळ्या बाबी होत. म्हणून वार्षिक अहवालातून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत : मागील पाच वर्षांत नफा सातत्याने झाला काय? कर्ज उत्पन्नाच्या मानाने बेताचे आहे काय? आजचा भाव त्या नफ्याच्या किती पट आहे?

त्यानंतर रक्कम विभागावी. ४०० रुपयांचा एक शेअर ३६० वर आला, तर त्यात गुंतविलेल्या २०,००० रुपयांवर २,००० रुपये तोटा होतो. सर्व लाख रुपये त्यातच घातले असल्यास तोटा १०,००० रुपये होतो. प्रत्येक निवडीचे कारण खरेदीपूर्वीच वहीत लिहून ठेवावे. शेवटी आपल्या एकूण वाढीची तुलना निर्देशांकाशी करावी. निर्देशांक १० टक्के व आपली रक्कम ८ टक्के वाढली असेल, तर निवडीचे श्रम फळास आले नाहीत, असे समजावे.

बक्षीस कोणाला?

एक-दोन महिन्यांच्या खेळात पहिला क्रमांक बहुधा दैवाने मिळतो. सर्व रक्कम एकाच कंपनीत लावणाऱ्यालाही तो मिळू शकतो. त्यालाच बक्षीस दिल्यास वर्ग चुकीचा धडा शिकेल. गुण द्यावेत ते वहीतील कारणांना. जुन्या वर्षांतील भाव महिन्यामागून महिना उघड करीत गेल्यास पाच वर्षांचा प्रवास पाच तासिकांत दाखविता येतो. त्यासाठी मोबाईलवरील खेळांची गरज नाही. नोंदणी नसलेल्या आभासी शेअर व्यवहाराच्या व्यासपीठांपासून दूर राहण्याचा इशारा ‘सेबी’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेला आहे.

हा इशारा सकारण आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाल्याचे ‘सेबी’च्या अभ्यासात आढळले. रक्कम अल्पावधीत दुप्पट करून देण्याची आमिषे आता गावोगावी मोबाईलवरून पोहोचत आहेत. अशा वेळी, हा उद्योग कोणता, नफा कोठून येतो व कर्ज किती, असे घरात विचारणारा विद्यार्थी कुटुंबाची वर्षाची कमाई वाचवू शकेल. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी या उपक्रमाकडे त्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.