गेली किती, परतली किती

कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला खुंटीला बांधा, दुसरं टोक हातात धरून एक झटका द्या. उंचवटा दोरीवरून पळत जातो, खुंटीला आपटतो आणि उलटा होऊन, खाली पोट काढून परत येतो. आता खुंटीऐवजी ते टोक लांब, बारीक दोऱ्याला बांधून जवळपास मोकळं सोडा. उंचवटा तरीही परततो, पण सुलटा. म्हणजे परतलेली लाट उलटी की सुलटी एवढं पाहिलं, तर पलीकडचं टोक न बघताही ते बांधलेलं आहे की मोकळं, हे ओळखता येतं.

हॅम रेडिओवाल्यांचं रोजचं कोडं हेच. खोलीत ट्रान्समीटर, गच्चीवर अँटेना, मधे 50 ओहमची कोअ‍ॅक्स केबल. अँटेनाही 50 ओहमची असेल तर आलेली सगळी शक्ती ती घेते. 100 ओहमची निघाली, तर व्होल्टेजच्या लाटेचा एक तृतीयांश भाग माघारी फिरतो. शक्ती वर्गाच्या हिशेबाने जाते, म्हणून परततो नववा हिस्सा: 100 वॉटमागे 11.

पण हे 11 वॉट मोजायचे कसे? जाणारी आणि येणारी लाट एकाच तारेत, एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीने धावत असतात. व्होल्टेज मोजलं तर दोघींची खिचडीच हाती लागते.

डायरेक्शनल कपलर ही खिचडी निवडतो, आणि त्याची युक्ती मला आजही फार देखणी वाटते. जाणाऱ्या लाटेत व्होल्टेज आणि प्रवाह बरोबरीने चढतात-उतरतात. परतणाऱ्या लाटेत प्रवाहाची दिशा उलटलेली असते. मग दोघांचा थोडासा नमुना योग्य प्रमाणात घ्यायचा. बेरीज केली की परतणारी लाट नाहीशी, वजाबाकी केली की जाणारी. वॉरन ब्रून या अमेरिकन इंजिनिअरने 1959 मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात असा मीटर समजावून सांगितला. केबलचा मधला गाभा फेराइटच्या रिंगमधून ओवायचा. रिंगवरच्या वेटोळ्यातून प्रवाहाचा नमुना मिळतो, दोन कपॅसिटरांच्या जोडीतून व्होल्टेजचा. हौशी मंडळी हे अजूनही घरी बनवतात.

वजाबाकी मात्र कधीच शंभर टक्के जमत नाही. जाणाऱ्या लाटेचा थोडा अंश परतणारीच्या खात्यात गळतो. कपलरची गळती जाणाऱ्या लाटेपेक्षा 20 डेसिबलने खाली असेल, तर व्होल्टेजचा दहावा भाग गळतो. खरं परावर्तनही तेवढंच, म्हणजे एसडब्ल्यूआर (परावर्तन किती ते सांगणारा मीटरवरचा आकडा; काहीच परतलं नाही तर 1) 1.22 असेल, तर गळती आणि परावर्तन एकमेकांना मारतात किंवा एकमेकांत भर घालतात, आणि काटा 1 पासून 1.5 पर्यंत काहीही दाखवू शकतो. केबलचा तुकडा जोडला आणि अँटेना ‘सुधारली’, या गच्चीवरच्या चमत्कारात या गळतीचाही हात असतो.

कपलर निर्दोष धरला तरी काटा अर्धंच सांगतो. 100 ओहमची अँटेना असो की 25 ची, एसडब्ल्यूआर 2 च येतो. अँटेनाची लांबी कमी करायची की वाढवायची, हे त्यातून कळत नाही. ते सांगते फेज, म्हणजे परतलेली लाट जाणारीच्या किती पुढे किंवा मागे आहे ते. पाठ्यपुस्तकात तिला ‘कला’ म्हणतात; वर्कशॉपमध्ये मी तरी तो शब्द ऐकलेला नाही. 100 ओहमवरून व्होल्टेजची लाट सुलटी परतते, 25 वरून उलटी. दोरीचंच गणित. फक्त केबलची लांबी मधे ढवळाढवळ करते: 14 मेगाहर्ट्‌झला नेहमीच्या पॉलिथिनच्या केबलमध्ये लाट सुमारे 14 मीटरची होते, आणि साडेतीन मीटर केबलमधून पाहिलं की 100 ओहम चक्क 25 दिसतात. म्हणून मापनाआधी अँटेनाच्या टोकाला क्रमाने मोकळं टोक, शॉर्ट आणि 50 ओहमचा लोड लावून यंत्राला ‘शून्य कुठे’ ते शिकवतात. या तीन मापांवरून कपलरची गळतीही हिशेबातून वजा करता येते.

फेज मोजायला आता एडी8302 नावाची चिप मिळते. कपलरचे दोन्ही नमुने तिला द्यायचे. एका पिनवर त्यांचं गुणोत्तर, दुसरीवर फेज, अंशाला 10 मिलिव्होल्ट. तिची एकच खोड: ती 0 ते 180 अंशच जाणते. 40 अंश म्हणाली, तर परतलेली लाट 40 ने पुढे की मागे, यावर गप्प. उपाय हौशी लोकांना साजेसा आहे. परतलेल्या नमुन्याच्या वाटेत 40 सेंटिमीटर केबल जास्त जोडा. 14 मेगाहर्ट्‌झला तेवढ्याने सुमारे 10 अंशांचा उशीर होतो. आकडा 50 झाला तर लाट मागे होती, 30 झाला तर पुढे.