आजीची हाडे आणि नातीचे मैदान

कासू स्थानकातून दिवा-रोहा मार्गाची गाडी धरून पनवेलला जावे आणि तेथून हार्बर मार्गाने नेरुळला उतरावे, डी. वाय. पाटील क्रीडासंकुल तेथेच आहे. 30 ऑक्टोबर 2022 रोजी याच मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला 1-0 असे नमविले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान स्पेनच्या विकी लोपेझला मिळाला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

विकी मिडफिल्डर आहे, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांना जोडणारी, सामनाभर अखंड धावणारी खेळाडू. 2024 मध्ये ती स्पेनच्या मुख्य संघात आली. 2025 च्या युरो स्पर्धेच्या तोंडावर संघाची आधारस्तंभ ऐताना बोनमाती मेंदूच्या आवरणाच्या विषाणुजन्य दाहाने रुग्णालयात दाखल झाली होती. पोर्तुगालविरुद्धच्या पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून विकी उतरली आणि तिने गोलही केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उदयोन्मुख खेळाडूसाठीचा कोपा पुरस्कार महिलांना प्रथमच दिला गेला, तो तिलाच.

वाचकहो, वृद्धांच्या आरोग्याला वाहिलेल्या पानावर हे कशासाठी, असे आपणांस वाटेल. कारण हे की, नातीने मैदानावर जावे की नाही, याचा निर्णय अनेक घरांत आजी-आजोबांच्या शब्दावर होतो. बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली की ‘आता पुरे झाले खेळणे’ हे वाक्य बहुधा मायेपोटीच उच्चारले जाते. पण त्याची किंमत मुलगी पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी मोजते.

मुलीच्या हाडांची सुमारे 90 टक्के घनता अठराव्या वर्षापर्यंत तयार होते. धावणे आणि उड्या मारणे यांमुळे हाडांवर जो भार पडतो, त्यातून ती बळकट होतात. रजोनिवृत्तीनंतर ही शिदोरी झपाट्याने घटू लागते. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेची शुश्रूषा ज्यांनी केली आहे, त्यांना या शिदोरीचे मोल वेगळे सांगावयास नको. सर्वच मुली विकी लोपेझ होणार नाहीत. होण्याची गरजही नाही. मात्र प्रत्येकीला आपली हाडे पुढील साठ वर्षे वापरावयाची आहेत.

काळजी मात्र घ्यावीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. नात लवकर दमत असेल, तिला धाप लागत असेल, तर तिला आळशी न म्हणता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जेवणात वाल, कुळीथ, पालेभाजी असावी. मासे खाणाऱ्यांनी सुकट, जवळा द्यावा. सोबत लिंबू किंवा आवळा असल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणालगतचा चहा ते अडवितो. या वयात दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळते. उरलेले दूध, दही आणि तिळातून भागवावे.

गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा अधिक असतो. म्हणून खेळापूर्वी वीस मिनिटे तोल साधण्याचे, उडी मारून गुडघे वाकवून उतरण्याचे आणि मांड्यांचे व्यायाम करावेत. त्यांनी दुखापती कमी होतात, हे सिद्ध झाले आहे. गुडघा तत्काळ सुजला, तर चोळू नये व मालिश करू नये; बर्फ लावून डॉक्टरांना दाखवावे. पाळी हा खेळ बंद करण्याचा दिवस नव्हे. त्रास होत नसेल तर खेळावे. मात्र सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर आहार अपुरा पडत असण्याची शक्यता असते; तपासणी करावी.

आणि आपण स्वतः? झेपत असेल तर काठी घेऊन नातीसोबत मैदानापर्यंत चालत जावे. कोवळे ऊन अंगावर घ्यावे. घरी भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे. तोल जात असल्यास कोणीतरी जवळ असावे. वार्धक्यात हाडे नव्याने फारशी साठत नाहीत, पण स्नायू कोणत्याही वयात बळकट होतात आणि पडणे टळते. या संध्याकाळी ‘पुरे झाले’ म्हणण्याऐवजी ‘चल, मीही येते’ असे म्हणून पाहावे.